पन्नासपुढचं टिंब

पलूस,
१२ ऑगस्ट

चि. सोनूस,


तुझा निरोप आला तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. फोनवर हे सगळं बोलून व्हायचं नाही. शिवाय यातलं काही तू सहा महिन्यांनी पुन्हा काढून वाचावंस असंही वाटतं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

सीआयटीएसचं निदेशक-प्रशिक्षण पुरं करून तू शिल्प निदेशक झालीस याचा मला किती आनंद झाला, ते अक्काने सांगितलंच असेल. त्यातून ट्रेडही नवा, इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन. प्रयोगशाळेत रोबोचा हात आहे, पीएलसीची, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या कंट्रोलरची, किट आहेत, सेन्सर आहेत, भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. आणि समोर चोवीस मुलं-मुली, बहुतेक दहावी झालेली, निम्मी शेतकरी घरातली. तू विचारलंस, "मामा, ही मशीनं मलाच आत्ता कुठे कळायला लागलीत. मुलांना येईपर्यंत कंपन्यांत पुढचं मॉडेल आलेलं असेल. मग मी त्यांना नेमकं शिकवायचं काय?"

हा प्रश्न पडला हे चांगलं झालं. मला तो फार उशिरा पडला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ती गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या संस्थेत पहिलं सीएनसी लेथ आलं तेव्हा ते दोन वर्षं प्लास्टिकच्या कव्हरखाली होतं. बिघडलं तर भरून कोण देणार, या भीतीने किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली आणखी कुठे. तपासणीला कोणी आलं की कव्हर निघायचं. शेवटी मी हट्टाने किल्ली मागून घेतली, मॅन्युअल घरी आणून वाचलं आणि मुलांना शिकवायला लागलो. जी०० म्हणजे जलद सरकणं, जी०१ म्हणजे कापत सरळ जाणं, एम०३ म्हणजे स्पिंडल चालू. मुलं भराभर पाठ करायची. परीक्षेत उत्तम गुण पडायचे. मला वाटायचं, आपण काळाच्या पुढे आहोत.

आमच्या मशीनवर 'एक्स ५०' असं टाकलं की ते पन्नास मिलिमीटर समजायचं. तशी सेटिंग केलेली होती, पण ती सेटिंग आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मशीन म्हणजे असंच, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पुष्कळ कंट्रोलर असे असतात की आकड्यापुढे टिंब दिलं नाही, तर तो आकडा ते सगळ्यात लहान मापात वाचतात. पन्नासपुढे टिंब दिलं तर पन्नास मिलिमीटर, नाही दिलं तर पन्नास मायक्रॉन. लेथवर एक्स म्हणजे व्यास. पन्नास मायक्रॉन व्यासावर जा म्हटलं की टूल जवळजवळ जॉबच्या मध्यावर जायला निघतं, आणि जी०० असेल तर पूर्ण वेगाने निघतं.

माझा एक विद्यार्थी एका कारखान्यात लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला प्रोग्राममधला एक आकडा बदलायला सांगितला. त्याने माझ्याकडे शिकला होता तसा टाकला, टिंबाशिवाय, आणि सायकल स्टार्ट दाबलं. टूल ठोकलं, टरेट हललं, मशीन चार दिवस बंद राहिलं. त्याला घरी पाठवलं. रविवारी तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, आत येईना. एवढंच म्हणाला, "सर, मी पन्नासच टाकलं होतं."

तो पुन्हा मशीनवर उभा राहिला नाही. आज टेम्पो चालवतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि दर वेळी मला ते वाक्य ऐकू येतं. चूक त्याची नव्हती. मी त्याला माझं मशीन शिकवलं होतं. अनोळखी मशीनसमोर उभं कसं राहायचं, ते शिकवलं नव्हतं. चकमधून जॉब काढून ठेवायचा, टूल लांब घ्यायचं, सिंगल ब्लॉक लावायचा, रॅपिडचा वेग अगदी खाली आणायचा, आणि एकेक ओळ चालवताना 'अजून किती अंतर जायचंय' हा स्क्रीनवरचा आकडा बघायचा. तो आकडा आपल्या मनातल्या आकड्याशी जुळला नाही की हात थांबवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही सालच्या कंट्रोलरवर चालतं. ही पाच मिनिटं मी शिकवली असती तर तो मुलगा आज सेटर असता.

म्हणून तुला पहिलं सांगणं हेच की मशीन काय करतं यावर थांबू नकोस. ते आपलं बोलणं चुकीचं कुठे समजेल, आणि त्याच्यात बिघाड झाला तर तो आपल्याला कसा कळेल, हे मुलांना शोधायला लाव. ज्यांनी ही तंत्रं बनवली त्यांनी हाच विचार आधी केलेला आहे. तो उघडून दाखवलास की मुलांना नवं तंत्रज्ञान परकं वाटत नाही.

पीएलसीचंच घे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यांत रिलेंची मोठमोठी पॅनेलं असत. गाडीचं मॉडेल बदललं की त्या सगळ्यांचं वायरिंग पुन्हा करावं लागे. १९६८ साली त्यांनी यावर उपाय मागितला आणि डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्याची भाषा. ती त्यांनी शिडीसारखी ठेवली, रिलेच्या सर्किटचं चित्र असतं तशी, कारण ती कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यायला हवी होती. नवं यंत्र जुन्या हाताला ओळखेल असं बनवलं गेलं. मग तू स्क्रीनवरून सुरुवात का करावीस? आधी एक खराखुरा कॉन्टॅक्टर मुलांच्या हातात दे. तो खट् करून ओढला जातो, सुटतो, तो आवाज त्यांना ऐकू दे.

तुझ्या मुलांकडे हे ज्ञान घरातूनच आलेलं आहे. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर त्यांनी लहानपणापासून बघितलाय. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालू राहते, ती का? वीज गेली आणि परत आली तर आपोआप चालू होत नाही, ती का? मग रात्रीच्या लायटीसाठी आबा 'ऑटो' बसवतात, तेव्हा ते नेमकं काय करतात? शेतात जे सोयीचं, ते कारखान्यात जीवघेणं का, कारण तिथे वीज नसताना कुणीतरी मशीनमध्ये हात घातलेला असतो. एवढी चर्चा झाली की होल्डिंग कॉन्टॅक्ट तुला वेगळा शिकवायला लागणार नाही. आणि लाल बटण नॉर्मली क्लोज्ड का असतं, हेही तेव्हाच विचार. तार तुटली तर मशीन थांबलं पाहिजे. उलटं असतं, तर तार तुटल्यावर माणूस लाल बटण दाबत बसला असता आणि मशीन चालूच राहिलं असतं.

आता सेन्सरांकडे येतो. तू लिहिलंस, मुलांना मोबाइलवर तापमान दिसलं की आनंद होतो आणि तिथेच सगळं संपतं. त्यांना चार ते वीस मिलिअँपचा सिग्नल शिकव, आणि घाई करू नकोस. यावर एक आठवडा गेला तरी चालेल.

आपल्या भागात साखर कारखान्यांना तोटा नाही. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी मोजणारा ट्रान्समीटर तिथे असतो. पातळी तळाला असेल तर तो चार मिलिअँप पाठवतो, पूर्ण भरलं तर वीस, निम्म्यावर असेल तर बारा. मुलांना विचार, शून्यापासून सुरुवात का केली नाही? शून्य ते वीस ठेवलं असतं तर हिशेब सोपा झाला असता. त्यांना विचार करू दे, उत्तर लगेच सांगू नकोस. माझ्या अनुभवात कुणीतरी एक जण तिथपर्यंत पोचतोच. शून्य आलं तर पाणी संपलं की तार तुटली, हे कळलंच नसतं. बॉयलरवर हा फरक फार मोठा आहे. पाणी खरंच संपलं तर नळ्या तापून धोका. तार तुटली असेल तर पाणी आहे, पण आपण आंधळे झालोय. चारच्या खाली गेलं की समजायचं, हे पाण्याचं बोलणं नव्हे, हे तारेचं बोलणं आहे.

मग हाच सिग्नल मुलांना स्वतः मोजू दे. २५० ओहमच्या रेझिस्टन्समधून नेला की एक ते पाच व्होल्ट मिळतात. तुझ्या किटमधल्या ईएसपी ३२ ला पाच व्होल्ट झेपत नाहीत, त्याची पिन ३.३ व्होल्टची. तिथे १५० ओहम लावायला सांग, ०.६ ते ३ व्होल्ट येतील. हा गुणाकार आठवीतलाच आहे, पण तो चुकला तर बोर्ड जळतो. एखादा जळू दे. नोंदवहीत 'प्रशिक्षणात खर्ची' अशी नोंद कर आणि नवा मागव. बोर्ड जळाला म्हणून मुलावर ओरडलीस, तर पुढच्या वेळी जळलेला बोर्ड तो हळूच कपाटात ठेवून देईल, आणि कुठे चुकलं ते तुला कधीच कळणार नाही.

रोबोच्या टीच पेंडंटवर मागच्या बाजूला एक स्विच असतो. हलका दाबून धरला तरच हात हलतो. सोडला की थांबतो, आणि घट्ट आवळला तरीही थांबतो. घाबरलेला माणूस दोनपैकी एक करतो, हातातलं टाकून देतो किंवा मूठ आवळतो. दोन्हीत रोबो थांबला पाहिजे, म्हणून त्या स्विचला तीन स्थिती. शिकवण्याच्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, तोही माणसाला बाजूला होता यावं म्हणूनच. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला तो स्विच आवळून, सोडून बघू दे.

हात आला म्हणून एक आणखी. पालकांना 'रोबो शिकला की नोकरी पक्की' असं सांगू नकोस. संस्थेच्या दारावर 'इंडस्ट्री ४.०' चा फ्लेक्स लागला असेल. २०११ च्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात पुढे आलेला हा शब्द आता आपल्या तालुक्यापर्यंत आलाय, पण त्या शब्दाने कुणाचं पोट भरत नाही. चाकण, भोसरीत आपली मुलं अप्रेंटिस म्हणून जातात आणि बहुतेकांच्या वाट्याला आठ तास जॉब लावा आणि जॉब काढा एवढंच येतं. रोबोचा हात नेमकं तेच काम घेतो. पण तोच हात रात्री अडीच वाजता लाल दिवा लावून उभा राहिला, तर शिफ्टमध्ये कुणाला हाक मारायची? ती हाक आपल्या मुलाला किंवा मुलीला यावी, एवढंच तुझं ध्येय ठेव. आणि ती हाक येते ती बिघाड सापडवणाऱ्याला.

म्हणून दर आठवड्याला एक बिघाड तू स्वतः कर. सेन्सरची तार आतून तोड, पण वरून दिसू देऊ नकोस. पीएनपीच्या जागी एनपीएन लाव. रिलेचा एक कॉन्टॅक्ट कागद घालून अडव. मग दोघा-दोघांना मल्टिमीटर दे आणि बाजूला बस. मध्ये पडू नकोस. हे फार अवघड जाईल, आपल्याला सांगायची घाई असते. सापडल्यावर वहीत तीन गोष्टी मराठीत लिहायला लाव. काय दिसलं, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय निघालं. 'वाटलं' आणि 'निघालं' यातला फरक वर्षभरात कमी होत जातो, तो त्यांना त्यांच्याच अक्षरात दिसू दे. मशीनवरचे अलार्म मात्र इंग्रजीत येतात. ते मोठ्याने वाचून अर्थ लावायची सवय लाव. इंग्रजीची भीती म्हणून आपली मुलं अलार्म न वाचताच रिसेट दाबतात, आणि त्यात पुरावाच पुसला जातो.

मुलं मोबाइलवर एआयकडून पीएलसीचा प्रोग्राम लिहून आणतात, अशी तुझी तक्रार आहे. आणू दे. बंदी घातलीस तर ती लपून आणतील. प्रोग्राम कुणीही लिहिलेला असो, तो किटवर चढवायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं मुलाने द्यायची. वीज जाऊन परत आली तर काय होईल? सेन्सरची तार तुटली तर? दोन बटणं एकदम दाबली तर? मग किटवर तेच करून बघायचं. उत्तर चुकलं तर प्रोग्राम दुरुस्त करायचा, आणि का दुरुस्त केला ते सांगायचं. हे ज्याला जमतं, त्याने एआय वापरलं तर मला आनंदच आहे.

कारखाना दाखवायला नेशील तेव्हा वेळ बघून ने. गळीत हंगामात साखर कारखान्यात गेलात तर आवाज, वाफ आणि वरून बघणं. हंगाम संपला की सगळं उघडलेलं असतं. व्हॉल्व्ह टेबलावर सुटे असतात, ट्रान्समीटर कॅलिब्रेशनला काढलेले असतात, आणि इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसांना मुलांशी बोलायला वेळ असतो. तिथे साहेबांच्या भाषणापेक्षा शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनला गाठ आणि विचार, 'यंदा रात्रीतून कशामुळे उठावं लागलं?' त्याच्या उत्तरावरून तुला पुढच्या दोन महिन्यांचे बिघाड मिळतील.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो जमलं तर बघून ये. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते दुष्काळी गावात गेले, आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवलं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक त्याच पाबळमध्ये उभी राहिली. तिथली मला पटलेली गोष्ट अशी, की मुलांचं काम गावाच्या उपयोगी पडायचं. तूही तुझ्या मुलांकडून गावच्या पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारं यंत्र बसवून घे. प्रयोगशाळेत चाललेलं यंत्र टाकीवर पावसात बंद पडेल, पाणीपुरवठ्याचा माणूस तक्रार घेऊन येईल, आणि मुलांना पहिल्यांदा गिऱ्हाईक भेटेल.

आता तुझं शेवटचं, म्हणजे वर्ग गप्प बसतो ते. 'कळलं का' विचारलं की सगळे मान हलवतात, असं लिहिलंस. सोनू, वर्गातलं ते शून्य कुठलं आहे, हे तुला कसं कळणार? सगळं समजलं म्हणून गप्प, की तार तुटली म्हणून गप्प? माझा तो विद्यार्थी कधी काही विचारायचा नाही. मी त्याला हुशार समजत होतो. 'कळलं का' हा प्रश्नच सोडून दे. रोज जाताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक ओळ लिहून द्यायची, आज कुठे अडलं. नाव लिहायची सक्ती नको. कोरी चिठ्ठी चालणार नाही, काहीच अडलं नसेल तर तसं लिहायचं. संध्याकाळी चोवीस चिठ्ठ्या वाचायला दहा मिनिटं लागतील.

आणि मुलींकडे बघ. मशीनभोवती मुलगे गोळा होतात, मुली मागे उभ्या राहून वहीत लिहितात, आणि वर्षअखेर त्यांच्या वह्या सुंदर असतात, हात कोरे असतात. पेंडंट कुणाच्या हातात, किती मिनिटं, याचा तक्ता लाव आणि तो काटेकोर पाळ. किल्लीही आठवड्याला बदलत्या हातात दे. तुझ्याकडे मशीनवर कव्हर राहता कामा नये.

माझ्याकडचा जुना स्टार्टर, दोन कॉन्टॅक्टर आणि २५० व १५० ओहमचे रेझिस्टन्स डब्यात भरून ठेवलेत. शनिवारी तुझा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. एका कॉन्टॅक्टरच्या कॉइलची तार मी आतून तोडून ठेवली आहे, कुठल्या ते सांगत नाही. मुलांना शोधू दे आणि ज्याला सापडेल त्याचं नाव मला कळव.

अक्काला नमस्कार सांग. औषध वेळेवर घेते का, तेही लिही.

तुझा,
मामा